आमच्या मशीनची पाठवणी

"रसूलभाई, फुगा डावीकडं झुकतोय."

"आक्का, जरा दम धरा. हवा बसू दे."

"हवा काय पाहुणी आहे, बसू दे म्हणायला? तिकडचा बोल्ट आवळा. येणारा माणूस मान वाकडी करून बघणार आहे काय आपला फुगा?"

रसूलभाईंनी पान्हा उचलला आणि डायपाशी वाकले. आमच्या मशीनवर त्यांचा जन्म गेला होता. माझ्या तोंडाला उत्तर द्यायचं नसतं हे ते मशीनच्याही आधी शिकले होते.

खंडेनवमीची सकाळ होती. कुपवाडच्या एमआयडीसीत आजूबाजूच्या सगळ्या शेडमधली मशिनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून गप्प उभी होती. आमच्याच शेडमध्ये तेवढी घरघर चालू होती. कारण आमचं मशीन बघायला माणूस येणार होता. पसंत पडलं तर दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, विसार देऊन उचलून न्यायचं, असं ठरलेलं.

ठरवलं होतं माझ्या दिरानं. शिवाप्पा आवटी, आमचे भाऊजी. कारखाना दोघा भावांचा. आमचे हे गेले आणि वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोवर भाऊजींच्या डोक्यात मिरज रस्त्याला लग्नाचा हॉल बांधायचं आलं. "वैनी, तुम्ही आता आराम करा," म्हणाले. माणसाला आराम करा म्हणणं म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. एका खोलीत एक खाट, एक टीव्ही आणि सुनांनी हातात आणून दिलेला गार चहा. मशीन गेलं की माझं तेच होणार होतं. रसूलभाईंचं काय होणार होतं, ते तर कुणी काढलंच नव्हतं.

मी रडले नाही, भांडलेही नाही. भांडले नाही हे ऐकून आमच्या घरात अजून कुणी विश्वास ठेवत नाही. पण मी मनाशी एकच गाठ बांधली होती. जायचंच आहे ना, मग मानानं जाऊ दे. आवटींचं मशीन भंगारासारखं जाता कामा नये. येणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत.

म्हणून चार दिवस आधीपासून मी आणि रसूलभाई मशीनला लागलो होतो. जुना मिसळीचा माल बाजूला केला, नवाकोरा दाणा आणला. रोलर पुसले. मशीनवरच्या लोखंडी मनोऱ्याला रंगाचा हात दिला. आणि सकाळी उजाडताच हीटर लावून, मशीन तापवून, मी स्वतः फुगा उचलला.

फुगा उचलणं म्हणजे काय, हे सांगायला पाहिजे. ज्यांनी प्लॅस्टिकचा कागद होताना बघितला नाही त्यांना वाटतं, तो कापडासारखा विणत असतील, नाहीतर पापडासारखा लाटत असतील. तसं काही नसतं. वर हॉपर म्हणून एक मोठं नरसाळं असतं. त्यात साबुदाण्यासारखा दिसणारा दाणा ओतायचा. तो खाली बॅरलमध्ये उतरतो. बॅरल म्हणजे जाड लोखंडी नळा, बाहेरून हीटरनी तापलेला, आणि आत लांबलचक स्क्रू फिरत असतो. स्क्रू दाण्याला पुढं रेटतो. रेटता रेटता दाणा वितळून काकवीसारखा होतो, जाळीतून गाळला जातो आणि डायच्या गोल फटीतून बाहेर येतो. सोऱ्यातून चकली यावी तसा. पण चकली खाली पडते आणि हा वर जातो. ती वितळलेली नळी हातमोजे घालून धरायची, दोरीला बांधायची आणि मनोऱ्यावरच्या रोलरपर्यंत चढवायची. मग आतून हवा सोडली की नळी फुगते. बाहेरून गार वाऱ्याचा झोत लागतो, आणि बघता बघता छताला भिडेल असा, आरपार दिसणारा फुगा उभा राहतो. वरचे दोन रोलर त्याला चपटा करतात आणि खाली त्याची गुंडाळी होते. हळदीच्या पोत्यात आतून घालायचा कागद, बेदाण्याच्या खोक्यातला कागद, रोपांच्या पिशव्या, सगळं ह्या एका फुग्यातून निघतं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण त्या फुग्यापुढं उभी राहिले की मी कुणाला ऐकत नसे. अजून ऐकत नाही.

तर त्या सकाळी फुगा सरळ झाला आणि मी कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिले. काच बघावी की हा बघावा, असा!

"गिरिजे, आत कोण फुंकतं गं?"

मागं वन्सं उभ्या होत्या. नीलव्वा, ह्यांची थोरली बहीण, जतहून सणाला आलेली. तोंडात मिश्री, डोक्यावरून पदर, हातात पूजेचं ताट. सांगलीची हळद चांगली म्हणून पेठेतून चांगली मोठी पुडी आणली होती आणि सगळीच्या सगळी ताटात ओतून घेतली होती.

"आत कोण बसलंय फुंकायला, वन्सं? मशीनची हवा आहे ती."

"मग ती संपत नाही?"

"एकदा भरली की कोंडून राहते. वरून रोलरनी तोंड दाबलंय, खाली वितळलेला माल आहे. जाणार कुठं?"

"नांदायला आलेल्या पोरीसारखी की."

रसूलभाई हसले. मी त्यांच्याकडं बघितल्यावर त्यांनी हसणं खोकल्यात घातलं.

"आणि भोक पडलं तर?" वन्संचं चालूच.

"भोक पडलं तर फुगा बसतो. मग परत पहिल्यापासून सगळं."

"भोक कशानं पडतं म्हणायचं?"

"कचऱ्यानं पडतं. ओलाव्यानं पडतं. आणि कामाच्या वेळी चौकशा करणाऱ्या बायकांनी पडतं."

"बरं बाई," वन्सं म्हणाल्या. त्या नेहमी असंच म्हणायच्या. आमच्या घरात त्यांना सगळे भोळी म्हणायचे. लग्नात आहेराची ताटं मोजायला त्यांना कुणी बसवत नसे. मीही नसे बसवत. "आज यंत्राला राबवायचं नसतं गं," त्या परत म्हणाल्या. "आज त्याची पूजा."

"ते तुमच्या भावाला सांगा. त्यानं गिऱ्हाईक बोलावलंय."

भावाला सांगायच्या आधीच भाऊजी आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. सोबत गिऱ्हाईक. कऱ्हाडकडचे विलासराव थोरवत. माणूस बारकाईचा दिसत होता. आल्या आल्या मशीनकडं बघितलं नाही, आधी शेडच्या कोपऱ्यातला कचरा बघितला. कोपऱ्यात कचरा नव्हता. मी पहाटेच झाडून काढला होता.

"आधी चहा घेऊ," भाऊजी म्हणाले आणि त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन गेले. मीही गेले. माझं मशीन, आणि त्याच्याबद्दल दुसऱ्यानं बोलायचं?

"थोरवतसाहेब," मी बसता बसताच सुरुवात केली, "असं मशीन तुम्हाला सांगली-कोल्हापुरात शोधून सापडायचं नाही. ह्याचा स्क्रू बघा, डाय बघा. कागद असा येतो की बोटावर गुंडाळला तरी कळत नाही."

"हो का?" थोरवत म्हणाले.

"रात्रंदिवस चालवा. हूं का चूं करायचं नाही."

"वा!"

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सासरवाडीनं स्तुती करावी आणि जावयानं फुलून ऐकावी तसे ते माझ्याकडं बघत होते. मी अजून चार गोष्टी सांगितल्या. त्यातल्या तीन खऱ्या होत्या.

तेवढ्यात दारात वन्सं. "पूजा राहिलीय. तुमचा चहा होईस्तोवर उरकू का?"

"उरका," मी म्हटलं. "फिरत्या रोलरपाशी हार नेऊ नका म्हणजे झालं."

"छे गं. मी आपली लांबूनच. रसूलभाई, तेवढी प्रसादाला साखर आणता काय कोपऱ्यावरून?"

रसूलभाई गेले. पलीकडून नारळ फोडल्याचा आवाज आला. वन्संचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. थोरवतांनी दुसरा चहा नको म्हटलं, मी घ्यायला लावला, आणि मशीनची पाचवी गोष्ट सांगितली.

मग आम्ही उठून बाहेर आलो. वन्सं हात जोडून बाजूला उभ्या होत्या. पॅनेलवर भस्माचे पट्टे, हॉपरला झेंडूची माळ, आणि समोर फुगा. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्याच्यात शिरून वरपर्यंत चढलं होतं. खरं सांगते, मला ह्यांची आठवण आली. असा फुगा उभा राहिला की ते काही बोलत नसत. कमरेला हात लावून माझ्याकडं बघत. तेवढंच त्यांचं शाबास.

थोरवतांनी चष्मा पुसून परत घातला. फुग्याभोवती एक फेरी मारली. गुंडाळीवरचा कागद फाडून उजेडात धरला, ताणला, चोळला.

"मान गये," म्हणाले. "काच आहे हो ही."

"आम्ही सांगत होतोच," भाऊजी म्हणाले.

"मग उद्याचा मुहूर्त पक्का धरायचा?" थोरवतांनी हात पुढं केला.

भाऊजींनी हात पुढं केला.

आणि मला फुग्याच्या पायथ्याशी एक पिवळी रेघ दिसली.

आधी वाटलं, झेंडूची सावली. पण सावली चढत नाही. ही रेघ चढत होती. नागासारखी सरसर वर निघाली. तिच्या मागून दुसरी. मग दोन्हींच्या मधली जागा भरून आली, आणि बघता बघता आमचा काचेसारखा फुगा हळद लावलेल्या नवरदेवासारखा खालपासून वरपर्यंत पिवळा झाला.

"हे काय?" थोरवतांचा हात हवेतच राहिला.

"रंग!" भाऊजी म्हणाले. "रंगीत पण येतो ह्यात."

"बंद करून दाखवा बघू."

ते कुणाला दाखवता येणार होतं? फुग्यावर आता गाठी दिसायला लागल्या. गाठीमागून बुडबुडे. एक बुडबुडा चढता चढता मोठा झाला, तिथं कागद जाळीसारखा पातळ झाला, आणि फुस्स! एवढा छताला भिडलेला फुगा मान टाकून खाली आला. डायवर पिवळा गरम गोळा साचायला लागला. पुरणाची कढई उतू जावी तसा. आणि वास! शेडभर असा वास सुटला, की जणू कुणीतरी कढईत खोबरं जाळलं आणि वरून हळद करपवली.

"मशीन बंद करा!" मी ओरडले. साखरेची पुडी हातात घेऊन रसूलभाई दारातून पळत आले आणि त्यांनी बटण दाबलं.

थोरवत नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागं सरकले. "बॅरल खाल्लेलं आहे तुमचं," म्हणाले. "आत गंज आहे. हा गंजच आलाय बाहेर."

"गंज?" माझ्या अंगाची लाही झाली. "आमच्या बॅरलला गंज? अहो, आमच्या घरातल्या तांब्यापेक्षा..."

पायावर काहीतरी जोरात पडलं. वन्संचा पाय होता. टाचेसकट.

"बाई गं!" वन्संनी पदर डोळ्याला लावला. "परत सुरू झालं की गं ह्याचं!"

"काय सुरू झालं?" थोरवतांनी विचारलं.

"माझा भाऊ गेल्यापासून असंच करतंय हो हे. त्याचा जीव होता ह्याच्यात. दुसरं कुणी हात लावायला आलं की असं आतल्या आत रडतं."

"ताई!" भाऊजी म्हणाले.

"तू गप. तुला रात्रीचं कुठं माहितेय? बंद असतं तरी हुंदका ऐकू येतो. विचार रसूलभाईला."

थोरवतांनी रसूलभाईंकडं बघितलं. रसूलभाईंनी साखरेच्या पुडीकडं बघितलं. "आवाज येतो कधीमधी," म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. गार होताना सगळीच लोखंडी मशिनं कुरकुरतात.

थोरवतांनी चप्पल घातली. उजव्या पायात डावी घातली, तशीच घालून गाडीपर्यंत गेले. भाऊजी मागून "अहो साहेब, ऐका तर" करत पळाले. गाडी गेली.

मी स्टूल ओढलं, चढले आणि हॉपरमध्ये वाकून बघितलं. देवा! दाण्याचा सगळा पिवळा भात झाला होता. नारळाचं पाणी. अक्षता. खोबऱ्याचे दोन तुकडे. आणि पेठेतल्या त्या पुडीतली सगळी हळद. वर शोभेला एक बेलाचं पान.

त्यानंतर मी वन्संना जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. ह्या घरात लेकीसुना वाचणाऱ्या आहेत. थोडक्यात एवढंच, की अडाणी माणसं मी खूप बघितलीत, पण यंत्राला जेवायला घालणारं पहिल्यांदाच बघितलं, असं बोलले.

वन्सं खाली मान घालून म्हणाल्या, "नैवेद्य लांबून दाखवला तर पोचतो होय? पोटात जायला नको?"

भाऊजी परत आले होते. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला, भस्माचे पट्टे पुसले गेले. पण थोरल्या बहिणीला बोलणार काय? त्यांनी लगेच थोरवतांना फोन लावला. गंज नाही साहेब, हळद आहे, आमच्या ताईनं पूजेत घातली. पलीकडून थोरवत काय म्हणाले ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "ज्या घरात मशीनला हळद चारतात तिथलं काही मला नको. उद्या माझ्याकडं येऊन तुमच्या ताई त्याला बाळंतविडा देतील."

भाऊजी पाय आपटत निघून गेले.

मग साफसफाई. दुसरं काय? डाय खोलायचा, जाळी काढायची, आतला सगळा माल गरम आहे तोवर खरवडून काढायचा. गार झाला की दगड होतो. पितळेची पट्टी घेऊन रसूलभाई डायला लागले, मी स्क्रूच्या तोंडाला. वन्संनी कुणी न सांगता एक पाट घेतला, कासोटा खोचला आणि जाळीवरचे जळके तांदूळ खरवडत बसल्या. मला न बोलता बसणं जमत नाही म्हणून शेवटी मीच बोलले.

"वन्सं, अक्कल कुठं ठेवून आलात हो? जतला?"

वन्संनी जाळी उजेडात धरून बघितली. "गिरिजे, तू चार दिवस काय करत होतीस गं?"

"काय करत होते म्हणजे? मशीन नीट करत होते."

"कुणासाठी?"

मी पट्टी थांबवली.

"मला कळतंय तेवढं सांगते," वन्सं म्हणाल्या. "लेक पाठवायची नाही म्हणून रात्री उशी भिजवायची, आणि सकाळी उठून तिचीच वेणीफणी करायची. गजरा माळायचा. वर पाहुण्यापुढं बसून तिचे गुण गायचे. असली देखणी पोर बघून कुणी नको म्हणेल का? तो माणूस फुकट बसला होता होय तिथं? हात पुढं केला होता त्यानं."

"मी... आवटींचं नाव..."

"नाव ठेव फडताळात. नावानं फुगा उभा राहतो काय?"

मला माझ्या उभ्या जन्मात कुणी असं बोललं नव्हतं. ह्यांचीसुद्धा छाती नव्हती. आणि बोलत कोण होतं? जिला आम्ही आहेराची ताटं मोजायला बसवत नव्हतो ती.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"सकाळी तूच सांगितलंस की. कचऱ्यानं भोक पडतं, ओलाव्यानं पडतं. दोन्ही घातलं. तिसरं मी स्वतःच होते."

डायखालून खोकल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

"रसूलभाई," मी म्हटलं, "आपल्या फळीवर साखरेचा डबा भरलेला होता. मग तुम्ही कोपऱ्यावर का गेलात?"

"बाईंनी आणा म्हटलं," रसूलभाई आतूनच म्हणाले. "मोठ्या माणसांना कारण विचारत नाही मी, आक्का."

"अहो, मग मला आधी सांगायचं होतं!" मी वन्संवर उसळले. "मी काय तुमची वैरीण आहे?"

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस? तू त्या थोरवताला हाताला धरून आणलं असतंस आणि म्हणाली असतीस, बघा हो, ही आमची नणंद आमचं मशीन खराब करायला निघालीय, तुम्हीच न्या ह्याला."

मी पट्टी उचलून परत खरवडायला लागले. कारण मी तेच केलं असतं.

दुपारी मशीन जोडून परत तापवलं. नवा दाणा घातला. आधी गर्द पिवळं निघालं, मग ताकाच्या कढीसारखं, मग नुसतं दूध, आणि ऊन उतरायला लागलं तेव्हा परत काच. मी हातमोजे घातले, गरम नळी धरली आणि फुगा उचलला. वन्सं बाजूला उभं राहून तोंड उघडं टाकून बघत होत्या. ते मात्र काही सोंग नव्हतं.

दसरा झाला, त्या जतला निघाल्या. गाडीत बसता बसता मला जवळ बोलावून म्हणाल्या, "शिवा गप बसायचा नाही. दुसरा कुणीतरी आणेल. मी असेन असं नाही."

"मग मी काय करू?"

"तुला तोंड दिलंय देवानं. तेच चालव. फक्त उलट्या बाजूनं."

दुसरा आला संक्रांतीच्या सुमारास. हातकणंगल्याकडचा, वयस्कर, गोड बोलणारा. भाऊजींनी त्याला शेडमध्ये आणून सोडलं आणि स्वतः बाहेर गाडीपाशी थांबले. त्यांना वाटलं असेल, वैनीच मशीनचं गाणं चांगलं गातात. आता मी कुठं मिश्री लावून सोंगं करणार? मशीन तर मागं शहाण्यासारखं चालू. फुगा असा सरळ, असा स्वच्छ, की बघणाऱ्यानं नजर काढू नये. मी मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझा देह आडवा येण्याइतका आहे, देवाची कृपा.

"बाई, मशीन कसं आहे?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. आणि खरं सांगते, फुगा उचलताना हात पोळतो त्यापेक्षा ते अवघड गेलं.

"रुसकं आहे," मी म्हटलं. "पावसाळ्यात दाणा जरा दमट असला की दिवसभर फुगा धरत नाही. लाइट गेली की आतला माल करपतो, मग लाइट आल्यावर काळे ठिपके. तिसऱ्या नंबरचा हीटर मनाला येईल तेव्हा तापतो. जाळी वेळेवर बदलली नाही तर आरडाओरडा करतं. हे बघा मनगट. हा डाग ह्याच्याच डायचा."

एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या शेडबाहेर मी तो कधी जाऊ दिला नव्हता, एवढंच. एकेक खोड सांगताना मला वाटत होतं, मागं ते ऐकतंय. पण एकदा सुरू झाल्यावर माझं तोंड मलाही थांबवता येत नाही. गिअरबॉक्सचं सांगितलं. मनोऱ्याच्या डुगडुगण्याचं सांगितलं.

तो माणूस शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "एवढा त्रास देतंय तर ठेवलंय कशाला हो?"

"सवय झालीय," मी म्हटलं. "नवऱ्यालाही जन्मभर ठेवलंच की."

तो एवढा हसला, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग त्यानं मला नमस्कार केला. "हे तुमचं तुमच्यापाशीच बरं," म्हणाला आणि गेला.

भाऊजी आत आले. "वैनी, काय सांगितलंत त्याला?"

"खरं तेवढंच सांगितलं."

"खरं?"

"एकूण एक खरं. आता घसा सुकलाय. मला एवढं खरं बोलायची सवय नाही. चहा सांगा, भाऊजी."

भाऊजी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी फुग्यासमोरून बाजूला झाले. मग ते फुग्याकडं बघत राहिले. त्यांनी चहा सांगितला, खुर्ची ओढली आणि गुंडाळीपाशी बसले. कागदाची एक पट्टी फाडली, उजेडाला धरली, बोटावर गुंडाळली, परत सोडवली. भावासारखंच नाक होतं त्यांचं. त्या उजेडात मला पहिल्यांदाच दिसलं.

चहा आला. भाऊजींनी बशीत ओतून घेतला, एक घोट घेतला.

"वैनी," म्हणाले, "हळदीचा हंगाम तोंडावर आलाय. दाणा किती पोती मागवायचा?"

"तुम्ही विचारलंत ते बरं केलंत," मी म्हटलं. "मी कालच मागवलाय."